पहिला कंपायलर कुठून आला?

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम (सोर्स) मशीनला चालवता येईल अशा रूपात (बायनरीत) बदलणारा प्रोग्रॅम. मग ज्या प्रोग्रॅमिंग भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहिलाय, तो पहिल्यांदा कंपाइल कशाने झाला? आधीपासून असलेल्या दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या कंपायलरने. रस्ट भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमल भाषेत होता. गो भाषेचा सी भाषेत होता, तो २०१५ साली १.५ आवृत्तीत गोमध्ये आला.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती पडताळणी. जीसीसी हा सी वगैरे भाषांचा कंपायलर. त्याचा बूटस्ट्रॅप, म्हणजे स्वतःच्याच सोर्समधून स्वतःला बनवणं, तीन फेऱ्यांत होतो. मशीनवरचा जुना कंपायलर पहिला जीसीसी बनवतो, तो दुसरा बनवतो, दुसरा तिसरा. सोर्स तोच. मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कंपाइल होऊन निघालेल्या फाइल्स (ऑब्जेक्ट फाइल्स) ताडून बघतात, फरक निघाला की बिल्ड तिथेच थांबतो. वेळ वाचवायला हे बंद करू नका, कळकळीने सांगतोय.

तरी विश्वासाचा प्रश्न उरतोच. युनिक्सचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच दाखवलं की कंपायलरच्या बायनरीत मुद्दाम दडवलेली खोडी सोर्समध्ये एकही ओळ न दिसता पुढच्या पिढीत उतरते. दुसरी-तिसरी फेरी जुळली तरी. म्हणून गिक्स या लिनक्स प्रणालीवाल्यांनी ३५७ बाइटच्या बीजापासून (सुरुवातीच्या छोट्या बायनरीपासून) थेट जीसीसीपर्यंत नेलेली साखळी मला फार मोलाची वाटते. (बिल्ड हाकायला गाइल या भाषेची तयार बायनरी लागते, हे खरं.) ३५७ बाइट माणूस स्वतः, एकेक करून वाचू शकतो.