रूथच्या गोष्टीवरची कादंबरी वाचतेय, 'ग्लीनिंग' आणि 'किन्समन रिडीमर'ला मराठीत काय म्हणायचं?

बायबलमधल्या रूथवर बेतलेली एक इंग्रजी कादंबरी वाचतेय आणि तिचा मराठीत परिचय लिहायला घेतलाय. मूळ पुस्तक चारच अध्यायांचं, त्यामुळे कादंबरीकाराला मधल्या मोकळ्या जागा भरायला भरपूर वाव मिळतो, दुष्काळ, मवाब या परमुलखातली ती दहा वर्षं, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी, तिच्या मागे बेथलेहेमला आलेली मवाबी सून रूथ. वाचताना फार गुंतून गेले. पण लिहायला बसले आणि दोन शब्दांवर गाडी अडली.

एक, ग्लीनिंग. कापणी करणाऱ्यांच्या मागून जाऊन पडलेली कणसं गोळा करणं. मी 'उरलंसुरलं धान्य वेचणं' असं लिहिलं, पण वाचून बघितलं तर रूथ भीक मागतेय असं वाटायला लागलं, आणि गोष्टीत तसं अजिबात नाहीये. दुसरा किन्समन रिडीमर, म्हणजे बवाज, ज्याच्या शेतात रूथ वेचते आणि पुढे ज्याच्याशी तिचं लग्न होतं तो. 'उद्धारक' लिहून खोडलं. कुणी मदत करेल का?

*

ताई, पहिल्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, सरवा. पीक काढून झाल्यावर रानात जे मागे राहतं, कणसं म्हणा, शेंगा म्हणा, तो सरवा आणि तो वेचायला जातात. मराठी बायबलातही रूथ सरवाच वेचते, बघा काढून.

आणि तुम्हाला 'उरलंसुरलं' खटकलं ते बरोबरच खटकलं. बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात नियमच आहे की शेत कापताना कडेकोपऱ्यापर्यंत कापायचं नाही, पडलेलं परत वेचायचं नाही, ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवायचं. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात तर शेतात विसरलेली पेंढीसुद्धा आणायला मागे फिरायचं नाही, ती उपरा, अनाथ आणि विधवा यांची. म्हणजे हा हक्क झाला, दान नव्हे. 'उरलंसुरलं' म्हटलं की मालकाच्या ताटातलं खरकटं वाटतं, 'सरवा' म्हटलं की वेचणारीचे कष्ट दिसतात, दिवसभर वाकून वाकून पाठ मोडते त्यात.

अजून एक बघा, बवाज पुढे गड्यांना सांगतो की तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या आणि मुद्दाम थोडी कणसं काढून टाका तिच्यासाठी. सरवा हा हक्क आहे हे वाचकाला आधी कळलं तरच हे वरचं देणं ही त्याची माया आहे हे कळतं, नाहीतर सगळंच त्याच्या मेहेरबानीत जातं.

*

सरवा!! आजीच्या तोंडून ऐकलेला शब्द आहे हा आणि मला आठवू नये. धन्यवाद दादा. त्या जोरावर बाकीचेही शब्द बदलले, थ्रेशिंग फ्लोअरला 'मळणीची जागा' लिहिलं होतं ते सरळ खळं केलं, आणि विनोइंगला उफणणी. सिटी गेटला 'शहराचं प्रवेशद्वार' होतं ते वेस. वेशीत बसून गावासमोर निवाडा करायचा, बवाज दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो तेही तिथेच, आणि आपण अब्रू 'वेशीवर' टांगतो म्हणतो त्यामुळे चारचौघांसमोर हा भाव त्या शब्दात आयताच आहे.

बार्लीचं काय करू? सातू की जव?

*

जव लिहा. मराठी बायबलात सातू आहे आणि तो चूक नाही, पण आजच्या वाचकाला सातू म्हटलं की सातूचं पीठ आठवतं, शेतातलं पीक डोळ्यांसमोर येत नाही.

आता रिडीमरकडे येतो. मी लहानपणापासून चर्चमध्ये तारणारा, उद्धारक, मुक्तिदाता हे शब्द ऐकत वाढलोय, माझ्यासाठी ते फार जवळचे आहेत, पण ते येशूसाठी. रूथच्या गोष्टीत बवाजला उद्धारक म्हटलं की तो एकदम घोड्यावरून आलेला नायक होतो, आणि खरं सांगायचं तर या प्रकारच्या बऱ्याच कादंबऱ्यांत त्याचं नेमकं तेच झालेलं असतं. हिब्रू शब्द गोएल. तो कोण, तर जवळचा भाऊबंद. घराण्याची जमीन हातची गेली तर ती सोडवायची, नातलगाला गरिबीपायी स्वतःला विकायची वेळ आली तर त्यालाही सोडवायचं, हे लेवीय २५ मध्ये आहे. खून झाला तर रक्ताचा सूड घेणाऱ्यालाही हाच शब्द. म्हणजे हे भाऊबंदकीचं कर्तव्य आहे.

मराठीत आपण गहाण सोडवतो, जमीन सोडवतो, दागिना सोडवतो. म्हणून माझं मत 'सोडवणारा'. पहिल्यांदा येईल तिथे 'वतन सोडवणारा भाऊबंद' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं सोडवणारा. साध्या शब्दाला कमी लेखू नका, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली ते छापून आलं, आणि त्यांचा सगळा आग्रह साध्या बाईमाणसाला कळेल अशा भाषेचा होता.

*

मध्येच विचारतो, रूथ आणि बवाजच्या लग्नाला नियोग म्हणता येईल का? मेलेल्याचं नाव चालावं म्हणूनच ना ते? की पाट म्हणावं?

*

नियोग नको, त्याने वाचक पार भलतीकडे जाईल. नियोगात लग्न नसतं, नेमलेल्या पुरुषापासून फक्त संतती. अनुवाद २५ मधल्या प्रथेत दीर विधवेला बायको करून घेतो आणि पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावावर लागतो. शिवाय बवाज रूथचा दीर नाहीच, तो सासऱ्याच्या कुळातला, आणि त्याच्याहून जवळचा एकजण होता, पण जमिनीबरोबर रूथलाही बायको करून घ्यावं लागेल हे ऐकल्यावर तो मागे हटला. पाट जवळ जातो खरा, विधवेचं दुसरं लग्न एवढ्यापुरता, पण पाटाला लग्नाहून कमी मानायचे आणि इथे तर वेशीतली सगळी माणसं इस्राएलाच्या आद्य माता राहेल आणि लेआ यांची नावं घेऊन आशीर्वाद देतात. सरळ लग्न लिहावं.

*

तारणारा सुचवला नाहीत म्हणून बरं वाटलं, मी तोच लिहिणार होते. 'सोडवणारा' वाक्यात घालून बघितला आणि एक गोष्ट लख्ख झाली, सोडवायला आधी काहीतरी अडकलेलं लागतं, आणि नामीची जमीन, तिच्या नवऱ्याचं नाव, तिचं म्हातारपण सगळंच अडकलेलं आहे. उद्धारकमध्ये हे दिसत नव्हतं.

अजून एकच शंका. हिला ऐतिहासिक कादंबरी म्हणू का पौराणिक? मराठीत ऐतिहासिक म्हटलं की गड आणि लढाया येतात आणि पौराणिक म्हटलं की देवादिकांच्या कथा.

*

पौराणिक नको, पुराण हा वेगळ्या परंपरेचा शब्द आहे आणि श्रद्धेने वाचणाऱ्यालाही तो बोचेल. नुसतं ऐतिहासिक म्हटलं तर रूथ इतिहासात सिद्ध झालीय असा अर्थ निघतो. 'बायबलकथेवरची कादंबरी' लिहा आणि काळ सांगून टाका, शास्त्यांचा काळ, राजे यायच्या आधीचा. मात्र शास्ते म्हणजे नुसते न्यायाधीश समजू नका, ते लढाईत पुढारीही असायचे.

आणि रूथ स्वतःला काय म्हणवते ते कादंबरीत नीट आलंय का बघा. नियमातला सरवा 'उपऱ्या'साठी आहे, हिब्रूत गेर, म्हणजे येऊन वस्ती करून राहिलेला. पण बवाजच्या पाया पडून ती स्वतःला नॉख्रीया म्हणते, म्हणजे परकी, साफ बाहेरची. ती आपला हक्क मानूनच चालत नाहीये. हे दोन शब्द वेगळे ठेवा, दोन्हीकडे परकीच लिहिलं तर हे हरवेल.

*

बघितलं. इंग्रजीत दोन्हीकडे फॉरेनर आहे. पहिला परिच्छेद परत लिहिला, असा:

"जवाची कापणी सुरू झाली तेव्हा रूथ सासूला म्हणाली, मी सरवा वेचायला जाते. उपऱ्यांना सरवा वेचू द्यावा असा इस्राएलात नियमच होता, पण ती स्वतःला उपरीसुद्धा समजत नव्हती, परकीच समजत होती. संध्याकाळी वेचलेलं झोडपलं तर एफाभर जव निघाले."

एफाभरला तळटीप देतेय, सुमारे 22 लिटर. एका बाईने एका दिवसात वेचलेलं.