गणपतीच्या ट्रेलरची साखळी रस्त्याला घासते

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.
मखर, ढोल, स्टेजच्या फळ्या असं सगळं भरून मंडळाचा ट्रेलर हॉलवर नेत होतो. इथे कॅलिफोर्नियात फ्रीवेवर मागचा गाडीवाला सारखा दिवे मारत होता. बाजूला घेऊन बघितलं तर ट्रेलर सुटला तरी गाडीला धरून ठेवणाऱ्या दोन सेफ्टी साखळ्यांपैकी एक रस्त्याला घासत होती. मधल्या कड्या एका बाजूने चपट्या, चकचकीत झाल्यात. रिकामा नेला तेव्हा काही नव्हतं. साखळीला पीळ देऊन आखूड केली तर चालेल ना? शनिवारी परत न्यायचाय.

प्रेषक: ठाण्याचे काका

सचिवसाहेब,
पीळ नको. बरेच जण देतात, पण पिळलेल्या साखळीत कडी कडीवर नीट बसत नाही, कडेवर टेकते आणि झटक्याचा सगळा ताण तिथेच येतो.

रिकाम्यात ठीक आणि भरल्यावर घासते, म्हणजे गाडीची मागची बाजू वजनाने बसतेय. हिच (गाडीमागचा ट्रेलर जोडायचा भाग) खाली आली की साखळीचा झोलही खाली येतो. म्हणून लांबी बघायची ती सामान चढवून झाल्यावर. पण साखळी उचलावी म्हणून ढोल मागे सरकवू नका. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या, गाडीला जोडायच्या दांड्यावर असावाच लागतो, नाहीतर ट्रेलर वेगात डोलायला लागतो.

दोन्ही साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या घ्या: डावी गाडीच्या उजव्या कडीत, उजवी डाव्या कडीत. कपलर (दांड्याच्या टोकाची पकड) हिचच्या बॉलवरून निसटलाच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यात रुतत नाही. सरळ लावल्या तर झोळी होत नाही. फुली घातली की थोडी लांबीही त्यात जाते. तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

तरीही लोंबली तर जादाच्या कड्या कापून हुक पुन्हा नीट बसवायचा. मात्र ताठ करू नका. मोकळ्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवा आणि कोणालातरी बाजूला उभं राहून बघू दे. वळणावर साखळी ताणली गेली तर ती आखूड झाली.

घासलेल्या कड्यांना वेल्डिंग वगैरे करू नका, अख्खी साखळी बदला. कडीवर ३०, ४३ किंवा ७० असा ग्रेडचा, म्हणजे मजबुतीच्या दर्जाचा, ठसा असतो, कधी नुसता ३, ४, ७. प्रत्येक साखळीची तुटण्याची क्षमता ट्रेलरच्या भरल्या वजनाएवढी तरी हवी. ट्रेलर ३,००० पौंडांचा असेल तर तेवढी एकेका साखळीची, दोन्हींची मिळून नाही. हुकाला खिटी असलेला घ्या, खड्ड्यात उडून निघत नाही.

आणि कॅलिफोर्नियात हा नुसता आवाजाचा प्रश्न नाही. वाळल्या गवताच्या कडेने साखळी घासत गेली की ठिणग्या उडतात. वणवे लागण्याच्या कारणांत तिथलं अग्निशमन खातं लोंबत्या साखळ्या आवर्जून सांगतं.

प्रेषक: सध्या नेरूळला आईकडे आलेली सदस्य

काका, एक शंका. लहानपणी ठाणे-बेलापूर रोडवर टँकरच्या मागे साखळी मुद्दाम लोंबत ठेवलेली असायची. ती कशी चालायची? आणि बंजी (हुकवाला रबरी दोर) बांधून साखळी वर उचलली तर?

प्रेषक: ठाण्याचे काका

ती साखळी वेगळी गं. टँकरवर साठलेली स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून ती सोडायचे, तिच्यावर ओढण्याचा भार नसतो. इथे कळंबोलीला ट्रेलर म्हटलं की न्हावाशेव्याचे कंटेनरवाले. त्यांची किंगपिन (ट्रेलरखालची जाड पिन) ट्रकवरच्या फिफ्थ व्हील नावाच्या तबकडीत अडकते, त्यामुळे अशी साखळीची जोडी तिथे दिसायची नाही.

बंजी चालेल, पण फक्त झोल वर धरायला. साखळीचा हुक गाडीच्या कडीतच हवा, बंजीत नव्हे. रबर उन्हाने वाळतं, निघताना ताणून बघा. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) असेल तर ती साखळीला गुंडाळू नका, गाडीला वेगळी लावा. साखळीच तुटली तर ब्रेक लावायला तीच उरते.

सचिवसाहेब, शुक्रवारी सामान भरून झालं की फोटो टाका. मागून नको, बाजूने, जमिनीलगत मोबाइल धरून; म्हणजे खाली किती जागा उरतेय ते दिसेल.