राज्य स्पर्धेचे ठिकाण ठरवताना अंतराचा हिशोब कसा धरावा?

खानापूरकर:
मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. गेल्या हंगामात आमच्या मुलींचा खो-खो संघ राज्य पातळीवर पोहोचला. स्पर्धा बेंगळूरला होती, म्हणजे बेळगावहून सुमारे ५०० किलोमीटर. रात्रभर रेल्वेत तीन बर्थवर पाच जणी आणि सकाळी साडेनऊला पहिला सामना. पाठीवर खो पडूनही आमची एक खेळाडू क्षणभर जागची हलली नाही. बसल्या जागी डुलकी लागली होती, असे तिने नंतर रडत सांगितले. समोरच्या मुली आपापल्या घरी झोपून आल्या होत्या. ठिकाण ठरवताना संघांच्या प्रवासाचे अंतर धरावे, ही मागणी अवाजवी आहे का?

टिळकवाडीकर:
सर, मुलींचे वाईट वाटते. परंतु बिदरच्या संघाला बेंगळूर आपल्याहूनही लांब पडते. मैदाने, वसतिगृहे आणि पंच एकाच शहरात मिळत असतील, तर आयोजक तेथेच जाणार.

निपाणीकर:
सोय आयोजकांची होते, जागरण मात्र ठरावीक संघांच्याच वाट्याला येते. दावणगेरे बेळगाव-बेंगळूर महामार्गावर, या दोन्ही शहरांपासून साधारण अडीचशे किलोमीटरवर आहे. स्पर्धा या तिन्हींपैकी कोठेही घेतली तरी बेळगाव आणि बेंगळूरच्या संघांच्या अंतरांची बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. बदलते ते एवढेच की, ती कोणी सोसायची. म्हणून बेरजेपेक्षा सर्वांत लांबून येणाऱ्या संघाचे अंतर पाहावे. (आम्हाला कोल्हापूर ४० किलोमीटरवर आहे, पण तो विषय येथे नको.)

अथणीकर:
खानापूरकर सर, राग मानू नये. जिल्ह्याची खुली निवड चाचणी बहुतेक वेळा बेळगाव शहरात होते. आपण २५-२६ किलोमीटरवरून येता, आम्ही सव्वाशेहून अधिक. पहाटे तीनला मुलांना उठवतो. त्या वेळी अंतराचा प्रश्न आपल्याकडून कधी ऐकला नाही.

खानापूरकर:
मान्य आहे, तो मला कधी सुचलाच नाही. पुढील चाचणी चिकोडीला घ्यावी, असे पत्र मी तयार करतो. अथणीकर आणि निपाणीकर, आपण दोघांनी त्यावर सह्या कराव्यात. लांबच्या संघाचा पहिला सामना दुपारनंतर ठेवावा, ही मागणीही त्यातच घालतो, कारण तिला मैदान बदलावे लागत नाही.