अटक, स्थानबद्धता, नजरकैद: फलकावर नेमके काय लिहायचे?

टाचण
8 मार्चला पुण्यात लागणाऱ्या प्रदर्शनाचे फलक मराठीत करायचे आहेत. विषय: स्त्रियांच्या हक्कांसाठी लढल्या म्हणून ज्यांना आत टाकले त्या कार्यकर्त्या, आणीबाणीपासून इराण, सौदी, चीनपर्यंत. कच्च्या मजकुरात सगळीकडे 'अटक' आणि 'सुटका' या दोनच शब्दांवर भागवले आहे. अडलेली वाक्ये अशी:

अ) मृणाल गोरे यांना मिसाखाली अटक. (मिसा म्हणजे आणीबाणीत वापरलेला अंतर्गत सुरक्षा कायदा.)
आ) कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये नजरबंदीत.
इ) 2015 साली चीनमध्ये पाच स्त्रीवादी कार्यकर्त्यांना अटक, 37 दिवसांनी सुटका.
ई) सौदीतल्या लुजैन अल्-हथलूल यांची 2021 मध्ये सुटका.

शिवाय 'दमनकारी राजवट' कानाला खटकते आहे.

कोर्टपायरी
'अ'पासून सुरू करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

अटक म्हटली की मागे गुन्हा आला. गुन्हा नोंदवायचा, 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे, मग कोठडी, आणि 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही तर जामीन हा हक्क होतो. विशेष कायद्यांत ही मुदत वाढते, पण मुदत असते. स्थानबद्धतेला गुन्हा लागतच नाही. 'तुम्ही पुढे काहीतरी कराल' एवढ्या अंदाजावर आदेश निघतो. राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, पण 24 तासांचा नियम स्थानबद्धाला लागू नाही. त्याच्या वाट्याला मोजकेच आधार: आदेशाची कारणे कळवणे, त्यावर म्हणणे मांडू देणे, आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचे तर सल्लागार मंडळ.

29 जून 1975 च्या अध्यादेशाने मिसाखालच्या स्थानबद्धांना कारणे सांगण्याचे बंधनही काढून टाकले. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत हेबियस कॉर्पसची (डांबलेल्याला कोर्टापुढे आणा, अशी) दादही मागता येणार नाही असे ठरवले. म्हणजे गुन्हा नाही, कारण नाही, तारीख नाही, दाद नाही. 'मिसाखाली अटक' वाचणारा लगेच विचारतो, कोणत्या गुन्ह्यात? आणि शिक्षा किती झाली? दोन्हींना उत्तरच नाही, आणि ते नाही हेच तर फलकाने सांगायला हवे. बोलताना लोक 'मिसात अटक झाली' म्हणतात, त्याला हरकत नाही. लिहिताना 'पकडून मिसाखाली स्थानबद्ध केले' असे लिहा. 'शिक्षा भोगली' हा शब्दप्रयोग कुठे शिरला असेल तर आधी तो काढा.

पेठेतला
अर्धे मान्य. नुसते 'स्थानबद्ध' म्हटले की मराठी वाचकाला रत्नागिरीतले सावरकर आठवतात: 1924 ते 1937, जिल्ह्याबाहेर जायचे नाही, पण तुरुंगही नाही. शब्दाचा सरळ अर्थच 'एका जागी बांधलेला'. हद्दीबाहेर घालवलेला तो तडीपार, हद्दीत डांबलेला तो स्थानबद्ध. त्यामुळे 'येरवडा तुरुंगात स्थानबद्ध' असे तुरुंगाच्या नावासकट लिहा.

आणि पुण्यात प्रदर्शन आहे म्हणून सांगतो, 'प्रमिला दंडवते यांना येरवड्याला पाठवले' असे चुकूनही लिहू नका. इथे 'येरवड्याला पाठवणे' म्हणजे मनोरुग्णालय. फलकापुढे कोणीतरी खुसखुसणारच.

त्या काळासाठी मराठीत घडलेला 'मिसाबंदी' हा शब्द आहेच, तो वापरा. '1972 च्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते पुढे मिसाबंदी झाल्या' हे वाक्य घट्ट बसते. मात्र शीर्षकात 'महिला बंदी' लिहू नका. बंदी म्हणजे कैदी आणि बंदी म्हणजे मनाई. लांबून वाचणाऱ्याला वाटेल की बायकांना आत सोडत नाहीत.

जाईजुई
'आ': नजरबंदी नको, नजरकैद. मराठीत नजरबंदी जादूगार करतो. हिंदीत 'नजरबंद' चालते, तिथून हे आले आहे.

नजरकैद आणि स्थानबद्धता यांत निवड करायची तर असे बघा: पहिला शब्द कसे ठेवले ते सांगतो, दुसरा कशाखाली ठेवले ते. कस्तुरबांच्या बाबतीत दोन्ही खरे आहेत. चुकेल तो 'गृहकैद', कारण आगाखान पॅलेस त्यांचे घर नव्हते. ऑगस्ट 1942 पासून तिथे गांधीजींबरोबर सरोजिनी नायडू, मीराबेन, सुशीला नायर याही होत्या. कस्तुरबांच्या फलकावर 'निधन: 22 फेब्रुवारी 1944, पुणे' एवढेच असेल तर 'स्थानबद्धतेत असताना' ही दोन पदे घाला. समाधी त्याच आवारात का आहे ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

'इ' जास्त अवघड. तुमचे वाक्य चीनच्या कायद्याने चूकच आहे. सार्वजनिक वाहनांतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचा बेत होता, महिला दिनाच्या आदल्या दोन दिवसांत त्यांना उचलले. तिथे आधी पोलीस ताब्यात ठेवतात, जास्तीत जास्त 30 दिवस. मग सरकारी अभियोक्त्याने 7 दिवसांत अटकेला मंजुरी द्यायची. 30 आणि 7, तुमचे 37 इथून आले. मुदत संपली आणि मंजुरी आलीच नाही. म्हणजे औपचारिक अटक कधी झालीच नाही! 13 एप्रिलला सोडले तेही हमीवर, चौकशी चालू ठेवून. म्हणून 'ताब्यात घेऊन 37 दिवस कोठडीत ठेवले, मग चौकशी कायम ठेवून हमीवर सोडले'. लांब आहे, पण खरे आहे.

कोर्टपायरी
जाईजुईंना पूर्ण अनुमोदन. आपल्याकडेही 'ताब्यात घेतले' आणि 'अटक दाखवली' यांत किती तास गेले यावर कोर्टात भांडण होते. 'अटक दाखवणे' या क्रियापदातच सगळे आले. आधी धरलेले असते, कागदावर नंतर दाखवतात. स्त्रियांच्या बाबतीत तर वेळेला आणखी अर्थ आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अपवादात्मक परिस्थितीतच करता येते, तीही महिला पोलीस अधिकाऱ्याने, प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. जुलै 2024 पासून हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. भारतातल्या अलीकडच्या घटनेवर फलक असेल तर 'रात्री अटक' लिहिण्याआधी कागद बघा. रात्री ताब्यात आणि सकाळी अटक, असेही असू शकते.

टाचण
'ई'चे काय? 'सुटका' इतका सोपा शब्दही चुकतो का?

शब्दांगण
चुकत नाही, पुरत नाही. सुटका म्हणजे दाराबाहेर आल्या, एवढेच. निर्दोष ठरल्या तर 'निर्दोष मुक्तता', खटला उभाच राहणार नसेल तर 'दोषमुक्त'. जामीन मिळाला तर 'जामिनावर सुटका'. (जामीन हा मुळात माणूस, 'अमुक त्याला जामीन राहिला' यात तो अर्थ अजून जिवंत आहे.) लुजैन यांच्यात यातले काहीच नाही. मे 2018 मध्ये धरले. स्त्रियांवरची वाहनबंदी उठली ती पुढच्याच महिन्यात. डिसेंबर 2020 ला 5 वर्षे 8 महिन्यांची शिक्षा, त्यातला 2 वर्षे 10 महिन्यांचा भाग स्थगित. फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर, पण देशाबाहेर जायला मनाई. तेव्हा 'उरलेली शिक्षा स्थगित ठेवून सुटका. प्रवासबंदी कायम' असे लिहा.

इराणच्या नर्गिस मोहम्मदी यांचा फलक असेल तर तिथेही जपून. डिसेंबर 2024 मध्ये एविन तुरुंगातून 21 दिवसांसाठी सोडले, पायाच्या शस्त्रक्रियेनंतर. मराठी बातम्यांत याला सर्रास 'पॅरोल' किंवा 'जामीन' म्हणतात. आपल्या कारागृह खात्याकडे दोन नेमके शब्द आहेत: फर्लोला संचित रजा, पॅरोलला अभिवचन रजा. महाराष्ट्राच्या नियमांत संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे नाहीत. इराणचा आदेश दोन्हींत बसवायचा आटापिटा नको. 'उपचारांसाठी शिक्षेला 21 दिवसांची स्थगिती' हे सरळ आहे.

पेठेतला
'दमनकारी' हिंदीतून आले आहे, सोडून द्या. आपली दडपशाही त्याहून जोरकस आहे, त्यात वरून वजन ठेवल्याचे कळते. फक्त दडपशाही हे कृत्य आहे, राजवटीचे नाव नाही. 'दडपशाही करणारी राजवट', किंवा नुसते 'दडपशाहीच्या काळात'.

आणि 'पाच महिला हक्क कार्यकर्त्या' असे लिहिले तर पाच महिला की पाच हक्क, कळत नाही. 'स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या पाच कार्यकर्त्या'. संयोगचिन्ह छापताना गळते, मुद्रिताला स्वतः बसा.