शोभेची खुर्ची आणि तिखट जीभ : तुम्ही मत दिलं होतं का?

आमच्या चाळीत गणपती मंडळाचा अध्यक्ष म्हणजे नारळ वाढवणारा हात. वर्गणी पोरं काढतात, वही खजिनदाराकडे, मांडववाल्याशी घासाघीस कार्याध्यक्षाची. अध्यक्षाने पहिल्या दिवशी आरतीला पुढे उभं राहायचं, शेवटच्या दिवशी ट्रकवर मूर्तीशेजारी बसायचं आणि अहवालात फोटो द्यायचा. त्यामुळे अध्यक्ष दरवर्षी कोण, तर ज्याची देणगी मोठी तो.

एका वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी फॉर्म भरला. पोटभाडेकरू, नर्स, चाळीत येऊन उणीपुरी तीन वर्षं. तोंडाने फटकळ. "मागच्या वर्षीचं मांडवाचं बिल कुणी डोळ्यांनी बघितलंय का?" हे त्यांनी भर सभेत विचारलं, तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, "हिला आवरा कुणीतरी." मी त्याच क्षणी ठरवलं की मत हिलाच.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर चीर पाडली होती. खोलीमागे एक चिठ्ठी. बाईंना ३१, देणगीदारांना २७, आणि तीन चिठ्ठ्यांवर नुसतंच 'गणपती बाप्पा मोरया'. त्या तिघांवर अजून संशय घेणं चालू आहे.

खुर्चीला अधिकार काहीच नव्हता, तो त्यांना मिळालाही नाही. पण नळाजवळच्या फळ्यावर त्या रोज रात्री ड्यूटीवरून आल्या की खडूने जमा-खर्च लिहायच्या. पाण्याला येणारा प्रत्येक जण वाचायचा. रात्री दहाला स्वतः जाऊन स्पीकरचा स्विच बंद करायच्या. पोरं चिडली, त्यात माझा पुतण्याही. विसर्जनाला त्या ट्रकवर चढल्याच नाहीत. मागून चालत गेल्या. लालबागच्या नाक्यावर स्लिपरचा अंगठा तुटला, तशाच अनवाणी पुढे.

पुढच्या वर्षी परत देणगीदार अध्यक्ष. फळा आहे, खडू नाही.

तर शोभेच्या पदासाठी अशा बाहेरच्या, फटकळ माणसाला मत दिल्याचे अनुभव येऊ द्या. सोसायटी, युनियन, मंडळ, काहीही चालेल. खऱ्या राष्ट्रपतीला आपण सामान्य माणसं मत देऊ शकत नाही, ते आमदार-खासदारांचं काम. पण त्या मतदानाच्या जवळपास कुणी गेलं असेल तर जरूर लिहा, नावं न घेता.

माजी स्वीय सहायक, माहीम

जवळपास गेलो होतो. जुलै १९९७. समोर के. आर. नारायणन, त्यांच्यामागे जवळजवळ सगळेच पक्ष. त्यांच्या विरोधात माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन, अपक्ष, आणि त्यांना पाठिंबा शिवसेनेचा. मी ज्यांच्याकडे होतो ते साहेब कोकणातले आमदार. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत शेषनसाहेबांच्या आचारसंहितेचा असा धाक होता की आमच्या पोरांनी हौसेने रंगवलेल्या सगळ्या भिंती पुन्हा चुन्याने पांढऱ्या कराव्या लागल्या होत्या. चुना आमचा, मजुरी आमची. आता त्याच माणसाला राष्ट्रपती करायचं! साहेब गाडीत नुसते हसत होते.

बाहेर धो धो पाऊस. विधानभवनात साहेब आत गेले, मी छत्री मिटून कँटीनमध्ये. तिथे एका जुन्या शिपायाने मला मतांचं गणित समजावलं. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं मत १७५ मोलाचं. आमदार २८८, म्हणजे सगळे मिळून ५०,४००. हिशेब १९७१च्या लोकसंख्येवर. निकाल लागला तेव्हा शेषन यांना अख्ख्या देशातून ५०,६३१, नारायणन यांना ९,५६,२९०. म्हणजे देशभर फिरून आपल्या एका विधानसभेएवढी मतं. अनामत गेली. पण ज्या माणसाने सगळ्या पक्षांना घाम फोडला होता, त्याला एवढी तरी मिळाली हेच मला विशेष वाटलं.

मुलुंड, आई

माझी लेक गॉलवेला असते, आयर्लंड. नागरिकत्व घेतलं तेव्हा आपला पासपोर्ट परत केला, त्या दिवशी मी जेवले नव्हते. आता ती तिकडची मतदार. तिकडे राष्ट्रपती थेट लोक निवडतात. पद बरंचसं आपल्यासारखंच, सरकार चालवायचं पंतप्रधानांनी. फार तर एखादं विधेयक घटनेत बसतं का हे बघायला सुप्रीम कोर्टाकडे पाठवता येतं.

२०२५ साली मतदान २४ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. रात्रपाळी करून ती थेट शाळेतल्या केंद्रावर गेली आणि बाहेर आल्यावर मला व्हिडिओ कॉल. "आई, मशीन नाही गं, पेन्सिल! दोरीला बांधलेली." बटण नाही, नावापुढे पसंतीप्रमाणे १, २, ३ असे आकडे घालायचे. तिने कॅथरीन कॉनली यांच्यापुढे १ घातला. बाई तिच्याच गावच्या, चौदा भावंडांतल्या, पूर्वी गॉलवेच्या महापौर, व्यवसायाने बॅरिस्टर, त्याआधी मानसशास्त्रज्ञ. गाझाबद्दल आणि देशाच्या तटस्थतेबद्दल आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. जावई म्हणाले, "शोभेच्या पदावर एवढं बोलणारं माणूस कशाला?" लेक म्हणाली, "बोलण्याशिवाय त्या पदावर दुसरं असतं काय?" नवराबायकोचं त्यावर चांगलंच वाजलं. त्याने २ कुणाला दिला ते तो अजून सांगत नाही.

एक गंमत. कागदावर तीन नावं होती, पण त्यातला एक उमेदवार जिम गॅविन आधीच बाहेर पडला होता. अर्ज मागे घ्यायची मुदत संपली होती म्हणून नाव छापलेलंच. तिच्या वॉर्डातल्या एका बाईने सगळ्यांवर काट मारून खाली काहीतरी लिहून मत मुद्दाम बाद केलं. तसं खूप जणांनी केलं, दर शंभरात जवळपास तेरा मतं बाद. कॉनली ६३ टक्क्यांनी जिंकल्या.

ठाणे, वरच्यांना उत्तर

ताई, कॉनलींना पाच-पाच पक्षांचा पाठिंबा होता हो, मग त्या बाहेरच्या कशा? शेषन यांचंही तेच. पाठीमागे पक्ष उभा राहिला की माणूस अर्धा आतला झाला. बाकी ते १-२-३ आपल्याकडेही आहे. राष्ट्रपती निवडायची ही पद्धत घटनाकारांनी आयर्लंडकडूनच घेतली. फक्त आपल्याकडे पेन्सिल आमदारांच्या हातात, आणि आता तीही नाही, आयोगाचा खास पेन.

बोरिवली पश्चिम

मी उलटा अनुभव सांगतो. आमच्या सोसायटीत एका फटकळ गृहस्थांना आम्ही चेअरमन केलं. नवीन आलेले, कुणाच्याच गटातले नाहीत, म्हणून. कामं सगळी सेक्रेटरी करतो, चेअरमनने सह्या करायच्या. यांनी पहिल्या महिन्यात वॉचमनला, दुसऱ्यात भाजीवाल्याला आणि तिसऱ्यात मला झापलं. लिफ्ट मात्र सहा महिने बंदच. स्पष्टवक्ता आणि भांडखोर यातला फरक मत देण्याआधी कळायची सोय नसते.

गोरेगाव, माजी विद्यार्थी

२००२, नववी ब. नागरिकशास्त्राच्या बाईंनी वर्गातच राष्ट्रपती निवडला. डॉ. कलाम विरुद्ध कॅप्टन लक्ष्मी सहगल. मी लक्ष्मींना दिलं. ८७ वर्षांच्या बाई, झाशीची राणी रेजिमेंट चालवलेल्या, तेव्हाही कानपूरला पेशंट तपासणाऱ्या, आणि हरणार हे माहीत असून उभ्या. निकाल ३९ विरुद्ध ३. उरलेल्या दोघींपैकी एक आज माझी बायको आहे. एवढाच फायदा.

गिरगाव, वय ७४

१९६९ विसरलात सगळे. व्ही. व्ही. गिरी विरुद्ध संजीव रेड्डी, 'अंतरात्म्याचा आवाज' ऐकून मत द्या हे इंदिराबाईंचं आवाहन, हे सगळ्यांना पाठ. तिसरे उमेदवार आपले सी. डी. देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. आमच्या घरी गांधींच्या शेजारी त्यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. त्यांना उभं केलं जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने. वडील पक्के समाजवादी, त्यांची फार ओढाताण झाली. मत तर नव्हतंच द्यायचं, तरी दोन दिवस घरात बोलले नाहीत. देशमुखांना १,१२,७६९ मिळाली, तिसरे आले. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नाही, मग दुसऱ्या पसंतीवर गिरी आले. फोटो भिंतीवरून काढला नाही, पण वडील त्याच्याकडे बघायचे बंद झाले.

धागाकर्ती

माहीमकर, एक राहिलं. राष्ट्रपतीच्या मतदानाला व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, नसतो ना? आणि मत गुप्त. मग तुमच्या साहेबांनी खरंच शेषन यांना दिलं का?

माजी स्वीय सहायक, माहीम

परतीच्या गाडीत विचारलं होतं. साहेब काच पुसत म्हणाले, "भिंतीला विचार."