मदत हवी आहे: हार्टच्या गोळ्या चुकल्याने ॲडमिट करावं लागलं, आता घरी काय सांभाळायचं?

प्रश्न (रानपाखरू):
वडील, वय 71. ईएफ (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) 30 टक्के, 4 महिन्यांपूर्वी स्टेंट. धाप लागून ॲडमिट केलं, फुप्फुसात पाणी साचलं होतं. आता डिस्चार्ज मिळालाय. खोदून विचारल्यावर कळलं: टॉरसेमाइड 10 (लघवीवाटे पाणी काढणारी) बाहेर जायच्या दिवशी टाळायचे, मेटोप्रोलॉल 50 (नाडी आवरणारी) ने मरगळ येते म्हणून एक दिवसाआड, रामिप्रिल 5 (बीपी आणि हृदयासाठी) ने खोकला येतो म्हणून बंदच. रक्त पातळ ठेवणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन 25 नियमित. गुडघेदुखीसाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक.
गोळी चुकली तर काय करायचं? आणि या त्रासांबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

दवबिंदू:
तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलेल्या गोळीपासून सुरुवात करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि टॉरसेमाइडचा जोर मोडतात. रामिप्रिल-स्पायरोनोलॅक्टोनच्या जोडीला त्या आल्या की किडनीवर ताण येतो, पोटॅशियम चढतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना पोटात रक्तस्राव होण्याची भीती वेगळीच. दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल चालेल का, किती, ते विचारून घ्या. पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम बरंच असतं.

टॉरसेमाइडचा जोर साधारण 6 ते 8 तास राहतो. म्हणजे बाहेर जायचं असेल तर गोळी टाळायची गरजच नाही, परत आल्यावर घ्यायची. दुपारी चारपर्यंत चालते का, एवढं डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. त्यानंतर घेतली तर रात्री उठावं लागतं आणि म्हातारी माणसं अंधारात पडतात.

मेटोप्रोलॉल एक दिवसाआड घेणं हा सर्वांत वाईट पर्याय. औषधाने आवरलेली नाडी गोळी नसलेल्या दिवशी उसळते, छातीत दुखूही शकतं. कमी करायचंच ठरलं तर डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने करतात. बरेच दिवस खंड पडला असेल तर स्वतःहून पूर्ण डोस सुरू करू नका, आधी फोन करा.

रानपाखरू:
सकाळची गोळी रात्री आठवली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या का?

दवबिंदू:
नाही. दिवसातून एकदाची गोळी साधारण 12 तासांच्या आत आठवली तर घ्यायची, नाहीतर सोडायची आणि पुढची नेहमीच्या वेळी. रात्रीच्या टॉरसेमाइडला हे लागू नाही, ते कारण वर आलंच. क्लोपिडोग्रेल मात्र हलक्यात घेऊ नका. स्टेंटला 4 महिनेच झालेत. ती थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद नको.

कवडसा:
खोकल्याबद्दल थोडं. रामिप्रिलचा खोकला कोरडा, घशात खवखव करणारा, दिवसरात्र कधीही येतो. आडवं झाल्यावर वाढणारा आणि उठून बसल्यावर कमी होणारा खोकला फुप्फुसातल्या पाण्याचा असू शकतो. डॉक्टरांना हा फरक सांगा, कारण दोन्हींचे उपाय अगदी उलटे आहेत. रामिप्रिलचाच असेल तर त्याऐवजी दुसऱ्या गटातली गोळी मिळते. त्यात सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दिली, तर रामिप्रिलच्या शेवटच्या गोळीनंतर 36 तास जावे लागतात, नाहीतर चेहरा, जीभ, घसा सुजण्याचा धोका. म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली की घरातली रामिप्रिलची जुनी पाकिटं त्याच दिवशी काढून टाका.

मरगळीसाठी बसून आणि उभं राहून बीपी, सोबत नाडी, असं आठवडाभर लिहा. नाडी 50 च्या खाली किंवा उभं राहताना अंधारी येत असेल तर लगेच कळवा. सगळं नीट असेल तर मेटोप्रोलॉलचा डोस रात्री घेता येईल का, हे विचारण्यासारखं आहे. नुसतं 'थकवा येतो' सांगितलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

वजन रोज सकाळी, लघवीनंतर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर. 3 दिवसांत 2 किलो वाढलं तर सुजेची वाट न पाहता फोन. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा गुलाबी फेसाळ थुंकी असेल तर फोनवर विचारत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर टॉरसेमाइड, रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन त्या दिवशी द्यायच्या की थांबवायच्या, हे आत्ताच विचारून ठेवा. औषध बदललं की 1 ते 2 आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात का, तेही बघा.