प्रतिसाद: व्हीटीयूतून कन्सल्टिंगला जाता येतं का
वर खानापूरच्या मुलानं विचारलंय की व्हीटीयूच्या (बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉलेजातनं कन्सल्टिंगला, म्हणजे कंपन्यांना धंद्याचा सल्ला देणाऱ्या फर्ममध्ये, जाता येतं का, तर येतं रे, पण मॅकिन्झी, बीसीजी, बेन या मोठ्या सल्लागार कंपन्या कॅम्पसवर भरतीला मुख्यतः आयआयएम-आयआयटीलाच जातात, त्यामुळं ते आपल्या कॉलेजात येतील म्हणून वाट बघत बसू नको, बेंगळुरात डेलॉइट, ईवाय, केपीएमजी, पीडब्ल्यूसी सगळ्यांची ऑफिसं आहेत, ॲनालिस्ट म्हणून तिथं अर्ज कर. केस इंटरव्ह्यूची (मुलाखतीत एखाद्या कंपनीची अडचण सोडवायला देतात, त्याची) पुस्तकं नुसती वाचून काय उपयोग नाही बघ, मित्राला समोर बसवून मोठ्यानं बोलत सोडवायची, नफा का घटला म्हटलं की आधी विक्री आणि खर्च वेगळे, मग विक्रीत दर किती नग किती, असं फोडत जायचं. आणि हे शिकायला आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीसारखी जागा नाही! फाउंड्रीवाल्या (धातूच्या ओतकामाचा कारखाना असलेल्या) काकांना विचार की रिजेक्शन, म्हणजे खराब निघालेला माल, किती, लाईटबिल किती, ऑर्डर थांबली की पहिला फटका कशाला बसतो. कन्नड येत असेल तर कामगारांशी पण बोल, खरी माहिती तिथंच मिळते. इंग्रजी उच्चारांचं टेन्शन घेऊ नको, विचार सरळ मांडता येतो का हे जास्त महत्त्वाचं. एक्सेल मात्र आत्तापासनंच पक्कं कर.